ठराव झाला, पाणी मिळाले का? शासनाचा सोशल मीडिया आणि आपली जबाबदारी

शासन आता आपल्याशी मोबाईलवर बोलते. मुख्यमंत्री कार्यालय, जिल्हाधिकारी, जिल्हा पोलीस, जिल्हा परिषद, जिल्हा माहिती कार्यालय, प्रत्येकाचे फेसबुक पान आहे, एक्सवर खाते आहे, बऱ्याच ठिकाणी व्हॉट्सॲप चॅनेलही आहे. चक्रीवादळाचा इशारा तिथेच येतो, शिष्यवृत्तीची मुदतवाढ तिथेच कळते आणि १४ एप्रिल, २० मार्च, ६ डिसेंबरला बाबासाहेबांना अभिवादन करणारी पोस्टही तिथेच पडते. उरणपासून हरिहरेश्वरपर्यंतच्या रायगड किनाऱ्यावरचा आपला तरुणही शासनाला पहिल्यांदा भेटतो तो बहुतेक वेळा स्क्रीनवरच.

याला विरोध करण्याचे कारण नाही. तलाठी कार्यालयात चार खेपा घालून जे कळत नव्हते ते घरबसल्या कळत असेल तर ते चांगलेच आहे. पण शासन सोशल मीडिया नेमका कशासाठी वापरते, त्यातून आपल्याला काय मिळते, काय मिळत नाही आणि काय मिळाल्यासारखे फक्त वाटते, हे आपल्या कार्यकर्त्यांना नीट माहीत असायला हवे. या लेखात आम्ही तेच मांडत आहोत.

महाडने शिकवलेली कसोटी

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करू. तेव्हा त्याचे नाव कुलाबा होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक निधीतून बांधलेली किंवा चालवली जाणारी पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य वर्गाला खुले करावेत, असा तो ठराव होता. सरकारने पुढच्याच महिन्यात खातेप्रमुखांना त्यानुसार सूचना दिल्या. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेनेही चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला.

कागदावर सगळे झाले होते. पाणी मात्र मिळाले नाही. तीन वर्षे तो ठराव दप्तरात राहिला. अंमलबजावणी होत नाही हे पाहून बोले यांनी १९२६ च्या ऑगस्टमध्ये विधिमंडळात दुसरा ठराव आणला. त्याचा आशय असा की, ज्या नगरपालिका आणि स्थानिक मंडळे पहिला ठराव पाळत नाहीत त्यांचे अनुदान रोखावे. आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेतले लोक तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर काय झाले तेही आठवा. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा आपल्या बाजूने निकाल लागला तो १७ मार्च १९३७ रोजी.

या इतिहासातून तीन गोष्टी वेगळ्या काढता येतात: घोषणा, अंमलबजावणी आणि ती टिकवण्याची ताकद. सोशल मीडियाने पहिली गोष्ट फार सोपी आणि फार वेगवान केली आहे. दुसरी आणि तिसरी मात्र होती तिथेच आहे. म्हणून शासनाची कोणतीही पोस्ट पाहिली की महाडची कसोटी लावायची: ठराव झाला हे कळले, पाणी मिळाले का?

शासन सोशल मीडियाचा वापर कशासाठी करते

शासनाच्या खात्यांवरचा मजकूर पाच प्रकारांत विभागता येतो.

पहिला प्रकार माहिती देण्याचा. हवामान इशारा, बंद रस्ते, लसीकरण, अर्जाची शेवटची तारीख. ही एका बाजूने जाणारी माहिती असते. ‘माहिती व जनसंपर्क महासंचालनालय’ हे काम आधी ‘लोकराज्य’ मासिकातून आणि वृत्तपत्रांना पाठवलेल्या टिपणांतून करत असे. आता त्यात समाजमाध्यमांची भर पडली आहे.

दुसरा प्रकार प्रतिमा तयार करण्याचा. भूमिपूजनाचे फोटो, नेत्यांचे रील, ड्रोनमधून घेतलेली किनाऱ्याची दृश्ये. मुंबई पोलिसांनी डिसेंबर २०१५ मध्ये ट्विटरवर खाते सुरू केले आणि विनोदी पोस्टमुळे ते देशभर गाजले. त्यातून वाहतुकीचे नियम लोकांपर्यंत पोहोचले हे खरे, पण पोलिसांची प्रतिमाही त्यातून घडली. माहिती आणि प्रतिमा या दोन गोष्टी बऱ्याचदा एकाच पोस्टमध्ये मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या करायला शिकणे हे आपले काम.

तिसरा प्रकार तक्रार घेण्याचा. सुषमा स्वराज परराष्ट्रमंत्री आणि कोकणचे सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना ट्विटरवर मदत मागितली की मिळते, अशी ख्याती झाली होती. महाराष्ट्रात ‘आपले सरकार’ हे पोर्टल २०१५ पासून आहे, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने याच नावाची सेवा व्हॉट्सॲपवर देण्यासाठी मेटा कंपनीबरोबर करार केला.

चौथा प्रकार मत विचारण्याचा. केंद्राचे ‘मायगव्ह’ हे व्यासपीठ २६ जुलै २०१४ रोजी सुरू झाले. तिथे सूचना, स्पर्धा, जनमत चाचण्या असतात. एखाद्या मसुद्यावर ई-मेलने हरकती मागवणे हाही याच प्रकारचा भाग.

पाचवा प्रकार आपल्याकडे लक्ष ठेवण्याचा. याबद्दल शासन स्वतःहून फार बोलत नाही, पण शासन निर्णयांत ते लिहिलेले असते. मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने माध्यम देखरेख केंद्राला मान्यता दिली आणि त्यासाठी सुमारे १० कोटी रुपयांची तरतूद केली. वृत्तपत्रे, वाहिन्या आणि डिजिटल माध्यमांतल्या शासनविषयक बातम्या गोळा करून त्यांची सकारात्मक, नकारात्मक अशी वर्गवारी करणे हे त्याचे काम. आपण शासनाचे पान पाहतो तेव्हा शासनही आपल्याकडे पाहत असते, एवढे लक्षात ठेवावे.

अमेरिकेतल्या शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये ‘लोकसहभागाची शिडी’ मांडली. तिला आठ पायऱ्या आहेत. सर्वांत खालच्या पायऱ्यांवर लोकांना फक्त वळवले जाते, समजूत काढली जाते. मधल्या पायऱ्यांवर माहिती दिली जाते, मत विचारले जाते, पण निर्णय दुसऱ्याच्याच हातात असतो. वरच्या पायऱ्यांवर लोकांना निर्णयात खरा वाटा मिळतो. वरचे पाच प्रकार या शिडीवर ठेवून पाहा. बहुतेक मजकूर खालच्या आणि मधल्या पायऱ्यांवरच थांबतो. लाईक करणे म्हणजे सहभाग घेणे नव्हे, हे अर्नस्टीन यांनी मोबाईल येण्याच्या कितीतरी आधी समजावून ठेवले आहे.

निसर्ग चक्रीवादळ: इशारा पोहोचला, पुढचे काय

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरहून अधिक होता. टाळेबंदीचे दिवस होते. त्या आधीचे दोन-तीन दिवस हवामान खाते, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आणि राज्य सरकार सोशल मीडियावर सतत माहिती देत होते. मुख्यमंत्र्यांनीही थेट प्रसारणातून लोकांना आवाहन केले. किनाऱ्याजवळच्या हजारो लोकांना वेळेत हलवले गेले. इथे या माध्यमाचा खरा उपयोग झाला, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे.

पण वादळ येऊन गेल्यावर चित्र बदलले. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा भागात विजेचे खांब आडवे झाले, मोबाईलचे टॉवर बंद पडले. कित्येक गावांत वीज यायला काही आठवडे लागले. म्हणजे ज्यांना मदतीची सर्वांत जास्त गरज होती तेच लोक सोशल मीडियावरून नाहीसे झाले होते. मदत जाहीर झाल्याच्या पोस्ट मुंबई-पुण्यातल्या चाकरमान्यांनी वाचल्या, श्रीवर्धनच्या वाडीतल्या माणसाने नाही.

पुढे रायगडसाठी तातडीची १०० कोटींची मदत जाहीर झाली आणि नुकसानभरपाईचे दरही वाढवले गेले. फळबागांसाठी हेक्टरी मदत वाढली. आता महाडची कसोटी लावा. नारळ-सुपारीच्या बागेची भरपाई कोणाला मिळते? ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला. त्याच बागेत नारळ पाडणारा, सुपारी सोलणारा, रोजावर राबणारा भूमिहीन माणूस या दराच्या चौकटीत बसतच नाही. आपल्या बौद्धवाड्यांतली किती कुटुंबे या दुसऱ्या गटात मोडतात, हे किनाऱ्यावरच्या कोणत्याही कार्यकर्त्याला सांगावे लागत नाही. ‘हेक्टरी मदत वाढवली’ ही पोस्ट खोटी नव्हती. ती आपल्यापर्यंत येत नव्हती, एवढेच. पोस्टमध्ये रक्कम असते, अट नसते. अट शासन निर्णयात असते.

जुलै २०२१ मध्ये महाड शहर सावित्रीच्या पुरात बुडाले आणि २२ जुलैला तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. रस्ते पाण्याखाली, संपर्क तुटलेला, त्यामुळे मदत पोहोचायला वेळ लागला. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली. डोंगरावरच्या त्या ठाकर वाडीपर्यंत गाडीरस्ताही नव्हता. अशा ठिकाणी फक्त सोशल मीडियावर दिलेला इशारा म्हणजे बंद दारावर चिकटवलेली नोटीस.

आता सुधारणाही होत आहेत. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ यंत्रणेतून ठरावीक भागातल्या फोनवर थेट संदेश येतात. २०२३ मध्ये सर्वांचे फोन एकदम वाजले होते ते ‘सेल ब्रॉडकास्ट’च्या चाचणीसाठी. त्याला ना ॲप लागते ना कोणाचे खाते फॉलो करावे लागते. पण टॉवर बंद पडला तर तेही थांबते. म्हणून गावात भोंगा, दवंडी, विहारातला लाउडस्पीकर आणि घरोघर जाणारी चार माणसे यांची गरज संपलेली नाही. हवामान खात्याचे रंगही वाडीत प्रत्येकाला माहीत हवेत: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक विहाराच्या भिंतीवर लिहून ठेवायला एक ब्रश पुरतो.

ऑनलाइन कोण आहे, कोण नाही

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) एक प्रश्न होता: तुम्ही कधी इंटरनेट वापरले आहे का? देशातल्या ५७.१ टक्के पुरुषांनी हो म्हटले, स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३३.३ टक्के होते. ग्रामीण स्त्रियांमध्ये तर ते २४.६ टक्के, म्हणजे चारांत एक. त्यानंतर परिस्थिती बरीच बदलली असणार, पण फोन घरात असणे आणि फोन बाईच्या हातात असणे यात आजही फरक आहे.

शासनाने एखादी योजना फक्त ऑनलाइन जाहीर केली की पहिल्यांदा कोण सुटते हे यावरून कळते. वयस्कर माणसे, एकट्या राहणाऱ्या स्त्रिया, वीटभट्टीवर किंवा मासळीच्या कामावर गेलेली कुटुंबे. आपल्या विहारात रविवारच्या वंदनेला येणारी आजी ही शासनाच्या ‘एंगेजमेंट’च्या आकड्यांत कुठेच नसते.

इथे कायदा आपल्या बाजूने आहे. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ नुसार शासकीय कार्यालयाने माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायची आहे. त्याच कलमाच्या पोटकलम (४) मध्ये म्हटले आहे की, ती देताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरणारी पद्धत यांचा विचार करावा. सूचना फलक, वर्तमानपत्र, जाहीर घोषणा, प्रसारण, इंटरनेट, हे सगळे मार्ग त्यात येतात. म्हणजे ‘आम्ही फेसबुकवर टाकले होते’ हे कोणत्याही कार्यालयाचे पुरेसे उत्तर होऊ शकत नाही. ग्रामपंचायतीच्या फलकावर लावले का, ग्रामसभेत वाचले का, बौद्धवाडीत सांगितले का, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

मत विचारले, पण मोजले का

मत विचारण्याच्या बाबतीतही रायगडकडे अनुभव आहे. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यायची की नाही, यावर २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यात हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारने मतदान घेतले. सेझच्या जमिनीवर शेतकऱ्यांचा कौल घेण्याची देशातली ती पहिलीच वेळ मानली गेली. लोकांनी मते दिली. पण त्याचा निकाल शासनाने अधिकृतपणे जाहीर केला नाही. सेझ पुढे बारगळले, ते शेतकऱ्यांच्या रेट्यामुळे आणि मुदत संपल्यामुळे.

आज शासन मत विचारते तेव्हा ते ई-मेलवर किंवा पोर्टलवर. २०२० मध्ये केंद्राने पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची नवी अधिसूचना मसुद्याच्या रूपात आणली. प्रकल्पाआधी जी जनसुनावणी होते, तिच्या हरकतींसाठीची मुदत ३० दिवसांवरून २० दिवसांवर आणण्याचा प्रस्ताव त्यात होता. मसुदा इंग्रजी आणि हिंदीतच होता. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी तो आठव्या परिशिष्टातल्या सर्व भाषांत द्यायला सांगितले आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली. लाखो लोकांनी ई-मेल पाठवले. ई-मेल पाठवण्याची मोहीम चालवणाऱ्या एका तरुण गटाचे संकेतस्थळ त्याच काळात काही दिवस बंद पाडले गेले. मत मागवणारे आणि मताला घाबरणारे शासन एकच असू शकते, हे तेव्हा दिसले. तो मसुदा शेवटी अधिसूचना झाला नाही.

बाहेरची दोन उदाहरणे पाहू. आइसलँडमध्ये २०११ साली नव्या राज्यघटनेचा मसुदा तयार करताना फेसबुकसह इंटरनेटवर लोकांच्या सूचना घेतल्या. २०१२ च्या सार्वमतात सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी त्या मसुद्याला पाठिंबा दिला. तरीही संसदेने तो मंजूर केला नाही. तैवानमध्ये उबर टॅक्सीच्या नियमांवर २०१५ मध्ये ‘व्ही-तैवान’ या प्रक्रियेतून ऑनलाइन मते घेतली गेली. परस्परविरोधी गटांना कोणती विधाने मान्य आहेत ते शोधले आणि त्यावर नियम तयार झाले. पडद्यावरचे तंत्र दोन्हीकडे चांगलेच होते. फरक पडला तो शेवटच्या पायरीवर: लोकांचे मत पुढे नेण्याचे बंधन कोणावर होते का?

बुद्धांच्या भिक्खू संघात हे बंधन होते. संघाचे काम करताना आधी प्रस्ताव मांडायचा, त्याला ञत्ति म्हणत. महत्त्वाच्या बाबतीत तो तीनदा विचारायचा. हरकत असेल त्याने बोलायचे. एकमत झाले नाही तर शलाका वाटून मते घ्यायची आणि ती मोजायला नेमलेला भिक्खू असायचा. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात संघाच्या या संसदीय पद्धतीचा मुद्दाम उल्लेख केला होता, लोकशाही या देशाला नवी नाही हे दाखवायला. विचारणे, ऐकणे, मोजणे आणि मोजलेले जाहीर करणे या चारही गोष्टी असल्या तरच ती विचारणा. फक्त पहिली असेल तर तो कार्यक्रम.

बोलण्याचा हक्क आणि सावधपणा

नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिल्यावरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ त्यामुळे देशभर चर्चेत आले आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल प्रकरणात ते कलम घटनाबाह्य ठरवले. केंद्राने २०२३ मध्ये नियम बदलून शासनाविषयीचा मजकूर खोटा की खरा हे ठरवणारे शासकीय तथ्य-तपासणी पथक आणायचे ठरवले. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदलही घटनाबाह्य ठरवला. शासनावर टीका करणे हा गुन्हा नाही, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे.

तरी दोन बाबतींत सावध राहायला हवे. आपल्यातले अनेक जण शिक्षक, आरोग्यसेवक, लिपिक, पोलीस आहेत. जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने कर्मचाऱ्यांच्या सोशल मीडिया वापरासाठी नियम काढले. शासकीय आणि वैयक्तिक खाती वेगळी ठेवावीत, शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करू नये, असे त्यात आहे. उल्लंघन झाल्यास शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. नोकरीत असलेल्या साथीला चळवळीच्या पोस्ट टाकण्याचा आग्रह करू नये. दुसरी गोष्ट अत्याचाराच्या प्रकरणांची. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेचे नाव किंवा ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे. संतापाच्या भरात फोटो पुढे पाठवू नका.

आणि बुद्धांनी कालामांना दिलेला सल्ला शासनाच्या पोस्टलाही लागू आहे, आपल्या गटात फिरणाऱ्या संदेशालाही. ऐकले म्हणून, परंपरेने आले म्हणून, मोठ्या माणसाने सांगितले म्हणून मान्य करायचे नाही. तपासून मान्य करायचे.

पोस्टवरून हक्कापर्यंत

टॅग केल्यावर मंत्र्याने काम केले तर बरे वाटते. पण त्यात एक धोका आहे. ज्याला चांगले लिहिता येते, ज्याची पोस्ट पसरते, त्याचे काम होते. बाकीच्यांचे होत नाही. मग हक्काची गोष्ट मेहेरबानी होऊन जाते. बाबासाहेबांनी आपल्याला मेहेरबानी मागायला शिकवले नाही. म्हणून सोशल मीडियाचा उपयोग दारावर थाप मारायला करावा, पण आत जाण्यासाठी कायद्याची वाट धरावी. ती वाट अशी आहे.

घोषणा दिसली की तिचा शासन निर्णय शोधा. राज्य शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णय विभागवार आणि तारखेनुसार मिळतात. त्यात पात्रता, अटी, निधी आणि जबाबदार अधिकारी लिहिलेला असतो. शासन निर्णय निघालाच नसेल तर ती घोषणा अजून फक्त घोषणा आहे.

पोस्ट जपून ठेवा. तारखेसह स्क्रीनशॉट काढा. पोस्ट काढून टाकता येते, बदलता येते. केंद्र सरकारने २०१२ मध्ये शासकीय कार्यालयांसाठी सोशल मीडियाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. खाते कोण चालवणार, उत्तर कोण देणार, नोंदी कशा जपायच्या, हे आधी ठरवावे असे त्यांत सांगितले आहे. आपल्या बाजूची नोंद आपणही ठेवावी.

माहिती अधिकारात विचारा. १० रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही नाही. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. प्रश्न नेमके हवेत: अमुक तारखेला जाहीर केलेल्या योजनेत आपल्या तालुक्याला किती निधी मिळाला, किती वाटला, आपल्या गावातल्या लाभार्थ्यांची यादी काय?

दाखले आणि सेवांसाठी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ वापरा. अधिसूचित सेवेला ठरावीक मुदत असते. मुदत टळली तर त्याच खात्यात पहिले आणि दुसरे अपील, त्यानंतर आयोग. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला अडला की कॉमेंटमध्ये लिहून थांबू नका, अर्जाची पोच घ्या. पोच नसेल तर मुदत कुठून मोजणार?

अत्याचाराच्या प्रकरणात पोस्ट म्हणजे फिर्याद नव्हे. पोलिसांच्या खात्याला टॅग केल्याने गुन्हा नोंदवला जात नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १८-अ नुसार गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, आणि फिर्यादीची प्रत मोफत मिळणे हा हक्क आहे. १३ डिसेंबर २०२१ पासून १४५६६ ही राष्ट्रीय मदतवाहिनीही आहे. आधी फिर्याद, मग पोस्ट, हा क्रम सोडू नका.

आणि ग्रामसभा. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. तिथे केलेला ठराव इतिवृत्तात जातो, त्याला क्रमांक मिळतो. हजार कॉमेंटना तो क्रमांक मिळत नाही. बौद्धवाडीतली वीस माणसे, त्यांतल्या निम्म्या स्त्रिया, तयारीने ग्रामसभेला गेल्या तर फरक पडतो.

आपले माध्यम, आपला निरोप

महाडच्या सत्याग्रहानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले. १९२० मध्ये ‘मूकनायक’ होऊन गेले होते. सत्याग्रह केला की त्याची बाजू मांडायला स्वतःचे पत्र हवे, दुसऱ्याच्या पानावर अवलंबून राहून चालत नाही, हे त्यामागचे भान होते. पण परिषदेचा निरोप गावोगाव पोहोचला तो फक्त कागदावरून नाही. रा. बा. मोरे आणि त्यांचे सहकारी खेड्यापाड्यांत हिंडले, माणसांशी बोलले, म्हणून लोक आले.

आजही हे दोन्ही लागेल. शासनाची पाने वाचणारा, त्यातली माहिती सोप्या मराठीत उतरवून वाडीच्या गटात टाकणारा एक तरुण किंवा तरुणी प्रत्येक गावात असावी. ती माहिती ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना विहारात वाचून दाखवणारे कोणीतरी असावे. आणि मिळालेल्या, न मिळालेल्या प्रत्येक गोष्टीची एक साधी वही असावी: घोषणा कधी झाली, शासन निर्णय कोणता, अर्ज किती गेले, मंजूर किती, पैसे प्रत्यक्ष कोणाला मिळाले.

२० मार्च २०२७ रोजी चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे पूर्ण होतील. त्या दिवशी शासनाच्या प्रत्येक खात्यावर अभिवादनाच्या पोस्ट असतील, आणि त्या असाव्यातच. त्या दिवशी महाडला जाताना रायगड किनाऱ्यावरच्या प्रत्येक बौद्धवाडीने आपली वही सोबत न्यावी, एवढी आमची विनंती आहे. कोणता ठराव अंमलात आला आणि कोणता अजून दप्तरात आहे, हे त्यातून सांगता येईल. जे दप्तरात आहे त्यासाठी पुढचा अर्ज, पुढची ग्रामसभा आणि गरज पडली तर पुढचा मोर्चा तिथेच ठरवावा.

जय भीम.